चेहरा कोरा, मन कोरे नव्हे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



महोत्सवी निधीतून मनोरुग्णांच्या मेंदूची चित्रे काढण्यास मदत द्यावी, अशी सूचना पुढे आली आहे. तीविषयी बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. आम्ही शाळामास्तर, वैद्य नव्हे; वाचले ते साध्या भाषेत मांडतो.

स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मानसवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी 1908 साली दिले. एका देहात दोन माणसे, असा त्याचा अर्थ नव्हे. भास होणे, संशय बळावणे ही त्याची ठळक लक्षणे. पण घरच्यांना अधिक सलतो तो कोरा पडलेला चेहरा. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या डोळ्यांत आजोबांच्या जनाज्याच्या दिवशी टिपूस आले नाही. वडील म्हणाले, "पोरगा दगड झालाय." तो दगड नव्हता, असे आमचे म्हणणे आहे. अमेरिकेत अशा रुग्णांना चित्रपटांतील प्रसंग दाखवून काय वाटले ते विचारले गेले. चेहऱ्यावर भाव कमी उमटले. सांगितलेली भावना मात्र इतरांइतकीच तीव्र होती.

आता मेंदूच्या चित्रांकडे वळू. या चुंबकीय यंत्रात क्ष-किरण नसतात. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे प्राणवायूयुक्त रक्त अधिक धावते, आणि हा फरक यंत्राला टिपता येतो, हे सेइजी ओगावा यांनी 1990 साली दाखवले. रुग्ण आत पडून भेदरलेले, रागावलेले, निर्विकार चेहरे पाहतो. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग धोक्याची वर्दी देत असतो. काही अभ्यासांत आढळले की, या रुग्णांत तो भेदरलेल्या चेहऱ्याने कमी चेततो आणि निर्विकार चेहऱ्याने जास्त. शेजारी नुसता उभा असला तरी रुग्णाला त्याच्या नजरेत डाव का दिसतो, याचा थोडा उलगडा यातून होतो.

चेहरे परके असतील तर आपल्या माणसाची पारख नीट कशी व्हावी? म्हणून बंगळुरूच्या निमहान्समधील संशोधकांनी भारतीय नटांच्या स्थिर व चलत् चित्रांची कसोटी रचून 2008 साली प्रसिद्ध केली. ही गोष्ट आम्हांस विशेष आवडली.

ज्या तरुणांत आजाराची नुसती चाहूल आहे, त्यांच्यातही असे काही फरक दिसले आहेत. पण त्यांतील बहुतेकांना पुढील दोन-तीन वर्षांत तो आजार जडत नाही. शिवाय हे फरक अनेकांची सरासरी काढल्यावर दिसतात. जिल्ह्याच्या पावसाची सरासरी ठाऊक असली म्हणून अमक्याच्या तुरीवर उद्या सर येईल का, हे सांगता येत नाही. तसेच एकट्याचे चित्र पाहून निदान करता येत नाही. गाठ किंवा इजा नाही ना, हे पाहण्यास डॉक्टरांनीच चित्र सांगितले, तर गोष्ट निराळी.

आपल्याकडे कुणी गाणगापूरला जातो, कुणी बंदेनवाजांच्या दर्ग्यात. दुआ अवश्य मागावी. पण दवा लांबवू नये. उपचाराला जितका उशीर, तितके पुढे सावरणे कठीण. 14416 या क्रमांकावर टेलि-मानसची सेवा 2022 पासून विनामूल्य आहे. औषध मात्र महिनोन्महिने आणावे लागते, आणि रोजगार बुडवून तालुक्याहून बिदर किंवा कलबुर्गीला जाणे गरिबाला जड जाते.

सबब आमची सूचना अशी: हा पैसा चित्रांवर न घालता, रुग्ण आणि सोबत जाणारा एक, अशा दोघांचे महिन्याचे मोटारभाडे ट्रस्टने द्यावे.