गोठ्यातून उडून जाणारं खत
(प्रभाग संघाच्या सभेत एका पशुसखीने केलेले भाषण)



पहाटे गोठ्याचं दार उघडलं की डोळे झोंबतात. आपण म्हणतो, गोठा म्हटला की वास यायचाच. मीही तेच म्हणायचे. पण तो झोंबणारा वास अमोनियाचा, आणि अमोनियात नत्र असतं. म्हणजे ज्या नत्रासाठी आपण युरियाचं पोतं विकत आणतो, तेच रात्रभर आपल्या गोठ्यातून उडून जातं.

गाय चाऱ्यातून, पेंडीतून जे नत्र खाते त्यातलं साधारण पाव हिस्सा दुधात उतरतं. बाकीचं शेणात आणि मुतात. मुतात ते युरियाच्याच रूपात असतं. ते शेणात मिसळलं की शेणातले जिवाणू त्याचा अमोनिया करतात. ऊन-वारा लागला की आणखी लवकर. उकिरड्यातून थोडं नत्र नायट्रस ऑक्साईड होऊन जातं. हा वायू हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे पावणेतीनशे पट भारी. काही पावसाबरोबर विहिरीत उतरतं, ते वेगळंच.

नेदरलँड देशात याच नत्रावरून २०१९ साली न्यायालयाचा निकाल लागला, आणि शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. तिथे जनावरं कमी करायची भाषा झाली. आपल्या दावणीला दोन-तीन गाई, त्यातली कोणती कमी करायची? दुधाच्या पगारावर तर किराणा, पोरांची फी, गटाचा हप्ता चालतो. म्हणून गाय तीच ठेवून नत्र कसं राखायचं, ते बोलू.

माझ्याकडे तीन गाई. हिरवा लसूणघास भरपूर, वर सरकी पेंड. दोन्हीत प्रथिनं. गरजेपेक्षा जास्त झालेलं प्रथिन दूध वाढवत नाही, मुतातून जातं. मी प्रत्येक गाईची पेंड दोन आठवड्यांत हळूहळू एक किलोनं कमी केली आणि अर्धा किलो मक्याचा भरडा वाढवला. पहिल्या आठवड्यात दूध अर्धा लिटर उतरलं. सासूबाई माझ्याशी बोलेनात! पुढं दूध परत आलं, आणि महिन्याची ९० किलो पेंड वाचली. पण हे सगळ्यांनी करू नका गं. जिच्याकडे नुसता कडबा आहे, हिरवं काही नाही, तिच्या गाईला आधीच प्रथिन कमी पडतं. तिनं पेंड तोडली तर दूध आटेल. आधी डॉक्टरांना विचारा.

गोठ्यात चढ-उतार करून मूत नालीनं खड्ड्यात जाऊ द्या, खड्ड्यावर झाकण हवं. फरशी करायला पैसे नसतील तर उसाचं पाचट अंथरा, ते मूत शोषतं. फडात पाचट पेटवण्यापेक्षा हे बरं. उकिरडा सावलीत, वरून मातीचा थर. आणि शेणखताचे ढीग रानात आठ-आठ दिवस उन्हात ठेवू नका. पसरलं की त्याच दिवशी मातीत मिसळा. गोबरगॅसच्या स्लरीलाही हेच लागू. गॅस निघाला तरी नत्र स्लरीतच असतं.

गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या जकारियापुरा गावात बायका घरच्या गोबरगॅसवर स्वयंपाक करतात आणि उरलेली स्लरी विकतात. शेण काढतो आपण, मग त्याचे पैसे आपल्या नावावर का नकोत? आपल्याकडे डेअरीचं खातं बहुतेक घरांत मालकांच्या नावावर असतं. खताचं खातं तरी गटाच्या नावावर काढता येईल.

पुढच्या बैठकीला येताना एक करा. गाईला रोज किती पेंड घालता ते लिहून आणा. टोपल्याच्या अंदाजानं नको, वजन करून. घरी काटा नसेल तर सांगा, मी माझा घेऊन येते.