थेम्समध्ये न बुडालेले बाड
(संघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणगौरवाच्या समारंभात यशाची प्रशंसा करावी, असा रिवाज आहे. परंतु ज्यांची नावे आज येथे पुकारली गेली नाहीत, त्यांच्याकरिता व त्यांच्या वडीलधाऱ्यांकरिता चार शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागतो.

इंग्रजीत लेखन करून जगभर कीर्ती मिळविणारे आर. के. नारायण आपणांस परिचित आहेतच. व्यंगचित्रकार लक्ष्मण यांचे ते ज्येष्ठ बंधू. म्हैसुरास राहून त्यांनी आपली पहिली कादंबरी लिहिली व विलायतेस धाडली. एकामागून एक प्रकाशक ती साभार परत करीत गेले. अखेर ऑक्सफर्ड येथे शिकत असलेल्या पूर्णा नामक मित्रास त्यांनी कळविले की, या बाडाला दगड बांधून ते थेम्स नदीत बुडवून टाकावे. मित्राने ही विनंती मानली नाही. त्याने ते बाड ग्रॅहम ग्रीन या तरुण कादंबरीकाराच्या हाती दिले. ग्रीन यांनी आपला शब्द खर्ची घातला आणि १९३५ साली हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशकाने 'स्वामी अँड फ्रेंड्स' प्रसिद्ध केली.

त्यानंतर सारे सुरळीत झाले, असेही नव्हे. पुस्तक फारसे खपले नाही. नारायणांच्या पहिल्या चार कादंबऱ्या चार निरनिराळ्या प्रकाशकांनी काढल्या. १९३९ साली पत्नीवियोगाचा आघात झाला. 'द गाइड'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९६० साली, म्हणजे पहिल्या पुस्तकानंतर २५ वर्षांनी.

या कथेचे तात्पर्य चिकाटी, असे सांगण्याचा प्रघात आहे. आम्हांस ते अपुरे वाटते. नारायणांचा धीर तर सुटलाच होता. सुटला नव्हता तो मित्राचा. ते बाड तरले ते एका वाचकामुळे.

जाणत्यांचीही चूक होते. फ्रान्समध्ये मार्सेल प्रूस्त यांच्या महाकादंबरीचा पहिला खंड नाकारला गेला, तेव्हा नाकारणाऱ्यांत आंद्रे जीद यांच्यासारखा थोर साहित्यिक होता. लेखकाने १९१३ साली तो खंड स्वखर्चाने छापविला. पुढच्याच वर्षी जीद यांनी पत्र लिहून आपली चूक मोकळेपणाने कबूल केली. १९१९ साली त्याच कादंबरीच्या दुसऱ्या खंडाला गोंकूर पारितोषिक लाभले.

जीद यांचे उदाहरण देण्यास कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील एक तरुण कथांची वही घेऊन आमच्याकडे आला होता. आम्ही चार पाने चाळली आणि म्हणालो, "आधी पोटापाण्याचे पाहा." सल्ला खोटा नव्हता, परंतु वही आम्ही वाचलीच नव्हती. तो पुन्हा आला नाही. आज त्याचा संसार उत्तम चालला आहे. गेल्या वर्षी एका लग्नात भेटला असता आम्ही त्या वहीची चौकशी केली. तो हसून म्हणाला, "काका, ती केव्हाच रद्दीत गेली." त्या वहीत रत्न होते की गारगोटी, हे आता कोणासही कळावयाचे नाही. हा दोष आमचा आहे, आणि तो आज आपणांसमोर कबूल करीत आहोत.

प्रत्येक वही म्हणजे 'स्वामी' नव्हे, हे आम्ही जाणतो. वाचून परत केलेल्या वहीबद्दल तक्रार नाही. न वाचता परत करणे हाच अन्याय. म्हणून आमची विनंती इतकीच की, संघाने दोन-तीन जाणत्या व्यक्ती नेमाव्यात. ज्ञातीतील मुलामुलींनी आपले लेखन त्यांच्याकडे द्यावे आणि महिन्याच्या आत त्यांनी ते संपूर्ण वाचून लेखी अभिप्राय द्यावा. यास पैसा लागत नाही. केवळ वेळ लागतो. या कामी पहिले नाव आमचे लिहून घ्यावे.