नोंदीत नाव असावे म्हणून

(कल्याण येथे मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या कल्याण जंक्शनवरून एक मार्ग कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. 1918 च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत शिरली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरली. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट फार घातक ठरली. देशात किती माणसे गेली? सरकारचा पहिला अंदाज सुमारे 60 लाखांचा होता. पुढे अभ्यासकांनी तो सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत नेला. एवढा फरक का? कारण गावच्या नोंदीत बहुतेक मृत्यूंपुढे नुसते 'ताप' लिहिले जाई, आणि पुष्कळ मृत्यू लिहिलेच गेले नाहीत.

मुंबई शहरातल्या नोंदी त्या मानाने बऱ्या होत्या. त्यांनुसार युरोपियनांत हजारी 8.3 माणसे दगावली, तर तेव्हा 'खालच्या' म्हटल्या जाणाऱ्या जातींत हजारी 61.6. रोग एकच, पण खोली, अन्न आणि शुश्रूषा वेगळी. मोजले म्हणून हे कळले.

2009 साली स्वाइन फ्लू आला. 11 जूनला जागतिक साथ जाहीर झाली आणि 3 ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. या वेळी पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था नमुने तपासत होती, आणि 2004 पासूनचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमही होता. त्यात उपकेंद्रातली सेविका तापखोकल्याची नोंद करते, डॉक्टर संशयित रुग्णांची आणि प्रयोगशाळा तपासणीची. एखाद्या गावात ताप अचानक वाढला, तर तो या नोंदीत दिसतो.

पण नोंदीबाहेरच्यांचे काय? दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडकडची कातकरी कुटुंबे कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारी ते मार्च फ्लूचे रुग्ण वाढतात, तेव्हा ती भट्टीवरच असतात. पाड्यावरच्या आशाताईंच्या वहीत ती 'बाहेरगावी', आणि शहराच्या यादीत त्यांचे घरच नाही. घेतलेली उचल फेडायची असते, म्हणून अंगात ताप घेऊन विटा थापल्या जातात.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण जाणतो. एक कमी आहे हे मेंढपाळाला कळले, कारण त्याला शंभरांची मोजदाद होती.

म्हणून ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मंडळींना माझी विनंती आहे. जवळच्या भट्टीवर आठवड्यातून एकदा जा. एकाच वस्तीत तीन-चार जणांना तापखोकला दिसला, तर आरोग्य केंद्राला कळवा. धाप लागलेला कोणीही, आणि तापातली गरोदर बाई, तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस दिसले, तर थांबू नका. त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जा. फ्लूचे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले, तर अधिक गुण येतो.

प्रार्थनेच्या यादीत आपण नावे लिहितो. त्यांतली काही नावे आरोग्य केंद्राच्या वहीतही जाऊ द्या.