लेबल ग्राहकाच्या भाषेत



  

परिषदेच्या अध्यक्षांनी आयात मालाच्या लेबलांच्या आपल्या व्यवसायाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे, तो थोडक्यात पाळते. बंद पाकिटावर काय लिहायचे हे 1977 च्या आवेष्टित वस्तू नियमांनी ठरवले. त्या काळी ‘स्थानिक कर वेगळे’ असे छापलेले असे आणि दुकानदार मागेल तेवढे पैसे मोजावे लागत. 1990 मध्ये सर्व करांसह किंमत छापण्याचा नियम आला. 24 नोव्हेंबर 2000 च्या अधिसूचनेने हीच बंधने आयात मालाला लावली आणि पुढच्या एप्रिलमध्ये आयातीवरचे उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले. 1 एप्रिल 2011 पासून वैध मापनशास्त्र कायदा आणि त्याखालचे नवे नियम अमलात आहेत. आयात सुरू झाल्यापासून 90 दिवसांत नोंदणीचा अर्ज, पाकिटावर आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, वस्तूचे नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. त्यावर खाद्यपदार्थांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे (एफएसएसएआय), सौंदर्यप्रसाधनांना केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेचे (सीडीएससीओ) आणि खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) नियम वेगळे. हे सारे तुम्ही रोज हाताळता. नोंदणी, पोर्टल, दंडाची रक्कम यांवर उद्याच्या सत्रांत जाणकार बोलणारच आहेत.

मी मात्र आज एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ती माझ्या मनात फार वर्षे साचली आहे. आपण लेबल अधिकाऱ्यासाठी लिहितो. ते ग्राहकासाठी लिहिले पाहिजे, आणि महाराष्ट्रात विकायच्या मालावर ते मराठीतही असले पाहिजे.

न्हावा शेवा बंदराच्या आसपासच्या गोदामांत माझे निम्मे आयुष्य गेले. बॉन्डमध्ये, म्हणजे सीमाशुल्क भरण्याआधी गोदामात, ठेवलेल्या मालावर स्टिकर लावायला उरण-पनवेलच्या गावांतल्या बायका येतात. हात इतके सराईत की खोक्यामागून खोकी बघता बघता हातावेगळी होतात. एकदा त्यांतल्या एकीने बाटली माझ्यापुढे धरून विचारले, ‘‘ताई, हे अंगाला लावायचं की फरशीला?’’ सकाळपासून ती त्याच बाटलीवर स्टिकर लावत होती. ती बाई शाळेत गेलेली होती, मराठी वर्तमानपत्र वाचत होती. बाटलीत फरशी पुसायचे द्रावण होते. स्टिकरवर कायद्याने मागितलेला प्रत्येक तपशील होता, आणि तो सगळा इंग्रजीत होता. त्या दिवशी माल कस्टम्समधून बिनतक्रार सुटला. हाताखालून हजारो बाटल्या गेलेल्या बाईलाही जे कळले नाही, ते घाईत दुकानात शिरलेल्या गिऱ्हाइकाला कळेल, असे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

आज परिषदेच्या सकाळच्या सत्रात वाद रंगला: स्टिकर परदेशातल्या कारखान्यातच लावून आणावा, की इथे बॉन्डमध्ये लावावा? दोन्ही बाजू मी कामात पाहिल्या आहेत. एका आयातदाराने कारखान्यातूनच छान छापील लेबले लावून माल आणला; पत्ता मात्र जुन्या कार्यालयाचा. अख्खा कंटेनर अडकला. दुसऱ्या एकाने इथे स्टिकर लावले. चॉकलेटच्या वेष्टनावर शेंगदाण्याच्या ॲलर्जीचा इशारा होता आणि स्टिकर नेमका त्यावर बसला. तो माल सुटला. ज्या चुकीने कोणाच्या जिवाला धोका नव्हता ती पकडली गेली आणि जिच्यामुळे लेकरू गुदमरले असते ती कोणाच्या नजरेला आली नाही. म्हणून माझ्या लेखी हा वाद निकालात निघाला आहे. स्टिकर कुठे लावला याने काही ठरत नाही. छापण्याआधी तो कोणाच्या नजरेने वाचला, याने ठरते.

दुसरा मुद्दा क्यूआर कोडचा. 2022 मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे काही तपशील कोडमधून द्यायची मुभा मिळाली, तेव्हापासून आपल्यातल्या तरुण सहकाऱ्यांना वाटते की जागेचा प्रश्न संपला. कोकणातल्या एका बाजारपेठेच्या गावी दुकानात मी उभी होते. एक आजोबा नातवासाठी परदेशी बिस्किटांचा पुडा उलटसुलट करून पाहत होते. साधा फोन, चष्मा खिशात. त्यांनी दुकानदाराला विचारले, ‘‘यात अंडं आहे का हो?’’ दुकानदारालाही सांगता येईना. पुडा परत फळीवर गेला. त्या आजोबांना कोड काढून दाखवायचा का? जो शब्द डोळ्यांना दिसायला हवा, तो फोनच्या आड ठेवू नका.

आता भाषेविषयी. नियम सांगतो की तपशील देवनागरी लिपीतल्या हिंदीत किंवा इंग्रजीत हवेत आणि सोबत आणखी कोणतीही भाषा वापरता येईल. म्हणजे मराठीला मनाई कधीच नव्हती. आपणच ती छापली नाही. राज्याच्या 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर छोट्या दुकानांवरही मराठी पाटी सक्तीची झाली. त्याच दुकानातली आयात बाटली मराठी माणसाशी अजून एक शब्द बोलत नाही.

जागा नाही, खर्च वाढतो, माल इथे उतरतो पण विकला जातो इंदूरला आणि हैदराबादला, ही तिन्ही उत्तरे मला पाठ आहेत. ती मी मान्य करत नाही. आपल्या कोकणातला आंब्याचा रस कॅनडाला जातो, तेव्हा डब्यावर इंग्रजीसोबत फ्रेंच छापावी लागते. युरोपात माल पाठवायचा तर तिथल्या ग्राहकाला सहज समजेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते. आपणच ते डबे, ती लेबले तयार करतो. तिथे जागा सापडते, खर्चही निघतो. परक्या ग्राहकासाठी भाषा शिकायची आणि घरच्या ग्राहकाला गप्प बसवायचे, हे मला सहन होत नाही. आणि माल कुठे जातो ते कळत नाही म्हणता? गणपतीची विक्री-योजना महाराष्ट्रात आणि ओणमची केरळात पाठवताना तुम्हाला सगळे नीट कळते!

एका आयातदारासाठी मी मराठी मजकुराचा स्टिकर बसवून दिला होता. विक्री विभागाचे एक कौतुकाचे वाक्य काढले आणि चार ओळी आत आल्या: ही वस्तू काय आहे, कशासाठी वापरायची, कोणी वापरू नये, तक्रार कुठे करायची. कोणत्याही अधिकाऱ्याने हरकत घेतली नाही. पुढे तो आयातदार खर्चाचे कारण सांगून मागे फिरला. त्याचे मला आजही वाईट वाटते.

आपल्या संघटनेने या चार ओळींचा मराठी नमुना करावा. तो मापनशास्त्र यंत्रणेपुढे ठेवावा, ग्राहक चळवळीतल्या लोकांकडून वाचून घ्यावा. समिती नेमायची की नाही, ते कार्यकारिणीने पाहावे. खेळण्यांचा आणि औषधी प्रसाधनांचा विचार पुढे करता येईल.

पण सुरुवातीला समिती लागत नाही. पुढचा स्टिकर छापायला देण्याआधी त्याचा नमुना आपल्या गोदामात काम करणाऱ्या बाईच्या हातात द्या आणि तिला विचारा, यात काय आहे? तिला सांगता आले नाही, तर छापायला देऊ नका. अधिकाऱ्याची सही त्यानंतर घ्या.