सूचिपत्रातील दोन नावे



लेखकाचे खासगी जीवन त्याच्या वाङ्मयाच्या आस्वादात आणावे काय, हा वाद जुना आहे. पोलिश साहित्यातील एक उदाहरण या वादाला निराळीच धार देते.

मारिया कोमोर्निट्स्का यांचा जन्म १८७६ सालचा. १८९५ साली दोन पुरुष साहित्यिकांसमवेत ‘फोरपोच्ती’ हा बंडखोर ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी वयाची विशीही गाठली नव्हती. पुढे ‘खिमेरा’ या वॉर्सातील नियतकालिकात त्यांचे लेखन ‘प्योत्र व्लास्त’ या नावाने येऊ लागले. वाचकांनी ते टोपणनाव मानले. १९०७ साली आईसोबत प्रवासात असता पोझ्नान येथे त्यांनी आपली स्त्रीवेषाची वस्त्रे जाळली आणि आपण पुरुष असून आपले नाव प्योत्र व्लास्त आहे, असे जाहीर केले. कुटुंबाने त्यांना मनोरुग्णालयांत ठेवले. १९१४ नंतर ते ग्राबूव येथील घरी परतले. तेथे त्यांची काव्यरचना चालू राहिली, पण ती बहुतांशी हस्तलिखितातच राहिली. १९४९ साली त्यांचे निधन झाले.

‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा भेद मराठीप्रमाणे पोलिश भाषेतही भूतकाळी क्रियापदात उमटतो. त्यामुळे आपली ओळख सांगितल्यावाचून तेथे साधे पत्रही लिहिता येत नाही. व्लास्त यांनी आईला लिहिताना पुल्लिंगी रूपेच योजली. घरच्यांना तो व्याधीचा पुरावा वाटला. मारिया यानियोन यांच्यापासूनच्या समीक्षकांनी त्यात एका लेखकाचा स्वनिर्णय पाहिला. मात्र या दुसऱ्या वाचनातही कवितेला केवळ चरित्राचा दाखला करून टाकण्याचा धोका आहेच.

कादंबरीकार मारिया दोम्ब्रोव्स्का (१८८९–१९६५) यांचा मार्ग वेगळा. आपल्या रोजनिशीचा संपूर्ण पाठ मृत्यूनंतर ४० वर्षे प्रसिद्ध होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. तो २००९ साली १३ खंडांत निघाला. लेखिका आन्ना कोवाल्स्का यांच्याशी असलेले त्यांचे सहजीवन त्यात सविस्तर आले आहे. काय सांगावे आणि केव्हा, हे त्यांना स्वतः ठरवता आले. व्लास्त यांना बोलण्याचा हक्क होता, पण ऐकणारे कोणी नव्हते.

ग्रंथालयापुरता बोध स्पष्ट आहे. लेखकाने झाकलेले त्याने घातलेल्या मुदतीपर्यंत जपावे. त्याने उघड उच्चारलेले मात्र पुसू नये. सूचिपत्रात कोमोर्निट्स्का आणि व्लास्त अशी दोन्ही कार्डे असावीत, आणि प्रत्येकावर दुसऱ्याचा निर्देश असावा. कोणत्याही नावाने शोधत आलेला वाचक रिकाम्या हाताने परतू नये.