फरशी कोण निवडतं, फरशी कोण पुसतं?

(महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जणी हसल्या. स्वयंपाकघरातली फरशी हा काय बायकांच्या मेळाव्याचा विषय झाला? पण घर बांधताना फरशी पसंत करायला दुकानात कोण जातं, ते आठवा. बहुतेक घरांत नवरा, दीर आणि कंत्राटदार. आणि पुढची वीस वर्षं ती वाकून पुसणारी, सांडलेलं तेल टिपणारी, घसरून पडणारी कोण? निर्णय एकाचा, कष्ट दुसरीचे ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. आपल्याला माहिती नसली की ‘तुला काय कळतंय त्यातलं?’ एवढ्यावर आपलं तोंड बंद होतं. म्हणून आज ही माहितीच करून घेऊ.

पहिली गोष्ट चकाकीची. दुकानातल्या दिव्याखाली आरशासारखी व्हिट्रिफाइड फरशी छान दिसते. पण स्वयंपाकघरात पाणी आणि तेल रोजचंच. गुळगुळीत ओल्या फरशीवर पाय सरकतो. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं तर बाई कायमची परावलंबी होऊ शकते. तेव्हा ‘मॅट’, म्हणजे न चमकणारी फरशी मागा. नमुन्यावर पाणी ओतून अनवाणी पाय फिरवून पाहा. दुकानदार हसला तर हसू दे. मात्र फार खरखरीतही घेऊ नका. तिच्यात तेलकट मळ बसतो आणि घासणारे हात पुन्हा आपलेच.

दुसरी गोष्ट मजबुतीची. व्हिट्रिफाइड फरशी ०.५ टक्क्याहून जास्त पाणी शोषत नाही. साधी सिरॅमिक त्याहून जास्त शोषते. भिंतीची टाइल स्वस्त मिळाली म्हणून जमिनीवर लावू देऊ नका. ती कमी ताकदीची असते. वरवंटा पडला, सिलिंडर ओढला की फुटते. शहाबादी, कडप्पा, कोटा हे दगड टिकाऊ आहेत, पण ते चुनखडीच्या जातीचे. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडून राहिलं तर डाग पडतो. लगेच पुसावं.

तिसरी गोष्ट गवंडीकामाची. पाणी साचू नये म्हणून उतार मोरीकडे किंवा जाळीकडे हवा. बादलीभर पाणी ओतून तो तपासा. फरशा एकमेकींना चिकटवू नका, दोन-तीन मिलिमीटरचा सांधा ठेवून तो नीट भरून घ्या. काम झाल्यावर नाण्याने किंवा काठीने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली मसाला भरलेला नाही, ती फरशी पुढे फुटणार. शेवटचा हप्ता ही तपासणी झाल्यावरच द्यायचा. त्याच छटेचं एक खोकं जास्त घेऊन ठेवा. पुढे तोच रंग मिळेलच असं नाही.

आता निगा. रोज कोमट पाणी आणि थोडा साबण पुरतो. काळे पडलेले सांधे खायच्या सोड्याने, जुन्या ब्रशने घासा. फरशी उजळायला ॲसिड वापरायची सवय मात्र सोडायला हवी. ते सांध्यातलं सिमेंट खातं, शहाबादी खराब करतं, हात पोळतं आणि त्याची वाफ छातीत जाते. ब्लीचिंगबरोबर ते मिसळलं तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. अनेक घरांत हे काम घरकाम करणाऱ्या बाईला सांगितलं जातं. तिच्या हातांची आणि श्वासाची काळजी घेणं हीही आपलीच जबाबदारी नाही का?

आणि एक. उकिडवं बसून पुसण्याने गुडघे, कंबर धरते. लांब दांडीचं पुसणं घ्या. ते पुरुषाच्या हातातही नीट बसतं!

घरात फरशीचं काम निघालं, तर या वेळी दुकानात तुम्ही स्वतः जा. जाऊबाईंना, सासूबाईंनाही बरोबर न्या. त्या फरशीवर रोज वावरणाऱ्या प्रत्येकीचं मत विचारूनच पैसे द्या.