चूल, घड्याळ आणि कष्टकरी कुटुंब

(दिल्लीतील मराठी भाषिक पक्षसभासदांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्वयंपाक हा पक्षाच्या अभ्यासवर्गाचा विषय कसा होऊ शकतो, असा प्रश्न काही साथींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. महागाई, कामगार कायदे, शेतमालाचे भाव हे राजकीय प्रश्न आणि डाळ केव्हा शिजवायची हा घरगुती प्रश्न, अशी विभागणी दीर्घकाळ चालत आली आहे. परंतु संध्याकाळी सात वाजता शाखेची बैठक बोलावली की पुरुष सभासद हजर असतात आणि स्त्री सभासद पोळ्या लाटत असतात, हा अनुभव दिल्लीत आहे, तसाच नाशिक-सोलापुरातही आहे. ज्या प्रश्नामुळे पक्षाचे निम्मे संभाव्य बळ बैठकीच्या बाहेर राहते, तो प्रश्न घरगुती म्हणून बाजूला सारता येणार नाही.

कामाच्या धबडग्यात घरचे ताजे अन्न कसे शिजवावे, याविषयी नियतकालिकांतून सल्ल्यांचा पाऊस पडत असतो. गृहिणीने वेळेचे नियोजन करावे, पहाटे थोडे लवकर उठावे, रविवारी आठवड्याची तयारी करून ठेवावी, असे त्या सल्ल्यांचे स्वरूप असते. त्यांतील काही उपयोगी आहेत, त्यांचा विचार पुढे येईलच. मात्र सगळे सल्ले एकाच व्यक्तीला उद्देशून असतात आणि ती व्यक्ती स्त्री असते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे.

वेळ कोणाचा खर्च होतो?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत याचे स्पष्ट उत्तर मिळते. घरातील माणसांसाठी विनामोबदला घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करते. असे काम करणारा पुरुष ८८ मिनिटे खर्च करतो. येथे आणखी एक गोष्ट आहे. ही सरासरी प्रत्यक्ष घरकाम करणाऱ्यांचीच आहे. २०१९ च्या पाहणीनुसार स्त्रियांपैकी ८१.२ टक्के अशा कामात सहभागी होत्या, तर पुरुषांपैकी केवळ २६.१ टक्के. म्हणजे बहुसंख्य पुरुष त्या हिशेबात आलेच नाहीत.

श्रमशक्तीचे मूल्य म्हणजे कामगाराला दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर उभे करण्यासाठी लागणाऱ्या जीवनावश्यक वस्तूंचे मूल्य, असे मार्क्सने १८६७ च्या ‘भांडवला’त दाखवून दिले. परंतु पीठ म्हणजे पोळी नव्हे आणि तूर म्हणजे आमटी नव्हे. या दोहोंच्या मध्ये जे श्रम येतात, ते ना मजुरीच्या पावतीवर दिसतात, ना राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत. ते फुकट मिळतात, म्हणूनच मजुरी कमी ठेवता येते. मालकाचा नफा अशा रीतीने कारखान्याच्या फाटकाबाहेर, भाड्याच्या खोलीतील शेगडीजवळही तयार होत असतो.

राजधानी परिसरातील वास्तव

दिल्लीच्या नैऋत्य सीमेवरील कापसहेडा ही वस्ती आणि तिला लागून असलेले गुरुग्रामचे उद्योग विहार यांचे उदाहरण घ्यावे. बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, ओडिशातून आलेले हजारो कपडा कामगार तेथे एका-एका खोलीत राहतात. नळ, संडास सामाईक. पाणी ठराविक वेळेला. अनेक ठिकाणी किराणा घरमालकाच्याच दुकानातून घेण्याची सक्ती असते आणि भाव बाजारापेक्षा चढे असतात. शिवणयंत्रावर सकाळी नऊला बसणाऱ्या स्त्रीला त्यापूर्वी पाणी भरून, भाजी चिरून, पोळ्या करून डबे बांधावे लागतात. संध्याकाळी ओव्हरटाइम लागला तर परतायला नऊ वाजतात आणि चूल पुन्हा पेटते. अशा स्त्रीला पहाटे आणखी लवकर उठण्याचा सल्ला देणे ही क्रूर थट्टा होय.

इंधनाची गोष्ट निराळी नाही. उज्ज्वला योजनेचा प्रारंभ २०१६ मध्ये नेमका १ मे रोजी, कामगार दिनी, बलिया येथे झाला. परंतु घरगुती गॅसचे सिलिंडर दिल्लीत मार्च २०२३ मध्ये १,१०३ रुपयांवर पोचले होते. निवडणुकीच्या तोंडावर ते मार्च २०२४ मध्ये ८०३ वर आले आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० रुपयांनी वाढले. ज्या स्थलांतरित कामगाराजवळ स्थानिक पत्त्याचा पुरावा नाही, तो छोट्या सिलिंडरात किलोच्या भावाने चढ्या दराने गॅस भरून घेतो. गॅस संपत आला की राजमा-हरभरा बाद होतो, कारण त्यांना वेळ लागतो. मग भात आणि बटाटा. कडधान्य ताटातून जाते ते अज्ञानामुळे नव्हे, तर इंधनाच्या हिशेबामुळे जाते.

याच शहरात आणखी एक मोठा वर्ग आहे: दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया. नोएडा आणि गुरुग्रामच्या उंच इमारतींत सकाळी चार-पाच घरी पोळीभाजी करून त्या झोपडीत परततात, तेव्हा स्वतःच्या मुलांना सकाळचे शिळे वाढतात. मध्यमवर्गाचा घरच्या ताज्या अन्नाचा प्रश्न अशा रीतीने सुटतो. म्हणजे तो एका स्त्रीच्या खांद्यावरून दुसरीच्या खांद्यावर ढकलला जातो. घरकामगारांविषयीच्या आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारावर भारताने अद्याप मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामगारांसाठी कायद्याचा विचार करण्याकरिता समिती नेमण्याचा आदेश केंद्राला दिला, यावरूनच कायद्याची उणीव किती मोठी आहे हे कळते.

दोन खोटी उत्तरे

या पेचावर भांडवली समाज दोन उत्तरे देतो. पहिले बाजाराचे: मोबाइलवर बोट ठेवा, दहा मिनिटांत सामान वा जेवण दारात. ज्या कंपन्यांनी हा धंदा देशभर पसरवला, त्यांतील काहींची मुख्यालये गुरुग्राममध्येच आहेत. पण वाचलेली ती दहा मिनिटे येतात कोठून? मेच्या उन्हात आणि डिसेंबरच्या धुक्यात मोटारसायकल हाकणाऱ्या तरुणाच्या जिवावरच्या धावपळीतून येतात. शिवाय कापसहेड्याच्या शिवणकामगार स्त्रीला हे जेवण परवडणारे नाही.

दुसरे उत्तर परंपरेचे: आईच्या हातची चव. महाराष्ट्रातील भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड-कुरडयांचे वाळवण ही खरोखर शहाणपणाची साठवण होती. उन्हाळ्यात केलेले श्रम पावसाळ्यातील घाईच्या दिवसांसाठी राखून ठेवण्याची ती पद्धत होती. परंतु तिच्यामागे घरातील आणि शेजारच्या अनेक स्त्रियांचे हात, अंगण आणि ऊन होते. करोलबागेतील दोन खोल्यांत नोकरी करणाऱ्या एकट्या सूनबाईकडून तीच अपेक्षा ठेवणे म्हणजे सामूहिक श्रमाचे फळ एका व्यक्तीकडून वसूल करणे होय. परंपरेतून घ्यायचे असेल तर पदार्थाबरोबर ती सामूहिकताही घेतली पाहिजे.

चळवळीने काय शिकवले?

कष्टकरी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. एंगल्सने १८८४ मध्येच दाखवून दिले की, स्त्रीची मुक्ती ही सामाजिक उत्पादनातील तिच्या सहभागाशी आणि घरकामाचा भार घटण्याशी जोडलेली आहे. लेनिनने १९१९ मध्ये सार्वजनिक भोजनालये, पाळणाघरे आणि बालवाड्या यांना साम्यवादाचे कोवळे कोंब मानले. १९२५ मध्ये इवानोवो-वोझ्नेसेन्स्क या गिरणगावात सोविएत देशातील पहिले कारखाना-स्वयंपाकघर उघडले. पुढे तेथेही घरचा स्वयंपाक बहुतांशी स्त्रियांकडेच राहिला, हे मान्य केले पाहिजे. संस्था उभारणे एक आणि पुरुषांच्या सवयी बदलणे दुसरे. पहिल्याने दुसरे आपोआप होत नाही.

मुंबईच्या गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या गिरणी कामगारांना खानावळवाल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या जेवू घातले. संपाच्या काळात उधारीवर ताट वाढणाऱ्या आणि त्यापायी सावकाराच्या तावडीत सापडणाऱ्या या स्त्रियांना कॉ. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. त्याच दशकात, १९७२ पासून, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने अहिल्याताई रांगणेकर, मृणाल गोरे, तारा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली लाटणी आणि थाळ्या घेऊन मुंबईचे रस्ते दणाणून सोडले. स्वयंपाकघराचे हत्यार रस्त्यावर आले, तेव्हा रॉकेल, साखर आणि तेल हे विधानसभेचे विषय झाले.

राजधानीच्या वेशीवरचा अनुभव तर ताजा आहे. २६ नोव्हेंबर २०२० पासून ११ डिसेंबर २०२१ पर्यंत सिंघू, टिकरी आणि गाझीपूर येथे शेतकऱ्यांनी जो वेढा घातला, तो सामूहिक लंगरांच्या बळावर टिकला. महाराष्ट्रातील किसान सभेचा जथा २१ डिसेंबर २०२० रोजी नाशिकहून निघून दिल्ली-जयपूर महामार्गावरील शाहजहानपूर सीमेवर पोचला, तेव्हा तेथेही सामुदायिक चुली पेटलेल्या होत्या. त्या लंगरांत कणीक मळणारे, पोळ्या शेकणारे आणि भांडी घासणारे हजारो हात पुरुषांचे होते. घरी ज्यांनी कधी पाण्याचा पेलाही स्वतः भरून घेतला नसेल, ते लढ्यात स्वयंपाक करू शकतात. तेव्हा पुरुषांना हे जमत नाही, ही सबब त्या वर्षात कायमची निकालात निघाली.

शासनाची जबाबदारीही तेवढीच स्पष्ट आहे. १३ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली सरकारला, तसेच राजधानी परिसरातील जिल्ह्यांसाठी उत्तर प्रदेश व हरियाणा सरकारांना, अडकलेल्या स्थलांतरित कामगारांना दोन वेळचे जेवण देणारी सामुदायिक स्वयंपाकघरे उघडण्याचा आदेश दिला होता. साथीत जे शक्य होते ते एरवी अशक्य का ठरावे? केरळात कुटुंबश्रीच्या स्त्रियांनी २०२० पासून २० रुपयांत जेवण देणारी जनकीय भोजनालये चालवली. २०२३ मध्ये सरकारी अनुदान थांबले, तेव्हा दर ३० रुपयांवर गेला आणि चालवणाऱ्या स्त्रियांची ओढाताण वाढली. यातून धडा असा की, सार्वजनिक स्वयंपाकघर टिकायचे तर खर्चाचा भार शासनाने उचलला पाहिजे. स्वस्त थाळीची किंमत स्वयंपाकिणीच्या मजुरीतून वसूल होता कामा नये. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या स्त्रियांचे केंद्राच्या निकषातील मानधन २००९ पासून महिना १,००० रुपयांवर गोठलेले आहे, हा त्या अन्यायाचा ढळढळीत पुरावा.

तातडीने काय करता येईल?

पहिली गोष्ट घराची. आठवड्याचा स्वयंपाक कागदावर मांडावा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहावे. रात्री कडधान्य भिजत घालणे, सकाळी कणीक मळणे, भाजी निवडणे, कुकर लावणे, भांडी घासणे ही वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येकाला माणूस लागतो. भिजवलेला हरभरा कुकरमध्ये लवकर शिजतो व गॅस वाचतो. सुटीच्या दिवशी दोघांनी मिळून डाळी निवडून, मसाला दळून, दाण्याचे कूट करून ठेवले तर रोजचा अर्धा तास सुटतो. मात्र फ्रिज नसलेल्या घरात मे-जूनमध्ये शिजवलेले साठवू नये. तेथे कोरडी तयारीच उपयोगी. बिहारी कामगारांचे सत्तू या बाबतीत आदर्श आहे: भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ, पाणी, कांदा, मीठ, लिंबू, चूल न पेटवता पोटभर आणि पौष्टिक. रोज दोन्ही वेळा पोळ्या झाल्याच पाहिजेत, हा हट्टही सोडावा. एक वेळ वरणभात वा मुगाची खिचडी, तीही पुरुषाने शिजवलेली, यात घरचे अन्न काही कमी होत नाही.

दुसरी गोष्ट वस्तीची. चार-पाच कुटुंबांनी एकत्र किराणा घाऊक भावाने घ्यावा. शक्य तेथे आळीपाळीने एक वेळचा स्वयंपाक एकत्र करावा. १९५७ मध्ये कॉफी बोर्डाने कामगारांना घरी पाठवायला सुरुवात केली, तेव्हा कॉ. ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांनी सहकारी सोसायट्या काढून इंडियन कॉफी हाउस उभे केले. शिजवणारा आणि वाढणारा कामगारच मालक असू शकतो, याचा तो साक्षात दाखला आहे.

तिसरी गोष्ट कारखान्याची. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत ती मर्यादा १०० कामगारांवर आली आहे आणि कंत्राटी कामगारही त्यात मोजायचे आहेत. श्रमसंहितांविरुद्ध कामगार वर्गाचा लढा चालू आहे आणि तो चालूच राहील. परंतु कायद्यात जे कलम कामगाराच्या बाजूचे आहे, ते कागदावरून ताटात उतरवण्याची मागणी प्रत्येक फाटकावर झाली पाहिजे. सर्वांत मूलभूत मागणी आठ तासांच्या दिवसाची. बारा तास राबणाऱ्या माणसाला कोणतीही पाककृती ताजे अन्न देऊ शकत नाही.

आणि शेवटची गोष्ट पक्षाची. शाखेच्या बैठकीची वेळ ठरवताना स्त्री सभासदांना विचारले गेले पाहिजे. बैठकीचा चहा आणि शिबिराचे जेवण ही कामे पुरुष सभासदांमध्ये वाटली गेली पाहिजेत. सभासदाच्या कामाचा वार्षिक आढावा घेताना त्याच्या घरी स्वयंपाक कोण करतो, हा प्रश्न विचारण्यात संकोच नको. समतेची भाषा व्यासपीठावर करणाऱ्याने घरी आयते ताट मागणे हा खाजगी स्वभावदोष नव्हे. ती राजकीय चूक आहे. ती दुरुस्त करण्यासाठी क्रांतीची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढच्या बैठकीच्या संध्याकाळी कोणत्या घरी कुकर कोण लावणार, हे प्रत्येक शाखेने आजच ठरवावे आणि त्या बैठकीला किती स्त्रिया आल्या, याची नोंद इतिवृत्तात करावी.